दोर किती पुरतो, हे कुणाला विचारलं?

(चांदवड येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव छापलंय ‘शाश्वत विकासाचे निकष आणि स्थानिकांचा सहभाग’. वाचतानाच जांभई यावी असं नाव आहे. म्हणून आधी ते आपल्या भाषेत आणते. गावाचं बरं चाललंय आणि नातवंडांच्या वेळीही बरं चालेल, हे कुणी ठरवायचं? कशावरून ठरवायचं? ठरवताना कुणाला विचारायचं? एवढाच विषय आहे.

हे चांदवडला बोलायला मिळतंय याचं मला अप्रूप आहे. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला याच गावात शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन भरलं होतं. लाखांच्या संख्येने खेड्यापाड्यांतल्या बाया इथे आल्या. तुमच्यापैकी कुणाची आई, कुणाची सासू त्यात असेल. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्याशी शहरातल्या स्त्री संघटनांचे मतभेद होते, आणि खुल्या बाजाराबद्दलचं त्यांचं म्हणणं मला स्वतःला कधी पटलं नाही. पण शेतकऱ्याची बायको ही नुसती बायको नाही, ती शेतीत राबणारी आहे, तिला गावच्या कारभारात आणि जमिनीत वाटा हवा, ही गोष्ट एवढ्या मोठ्या संख्येने बायांच्या तोंडून इथेच ऐकू आली. बायांनी पंचायत राज्याच्या निवडणुका लढवायच्या, हा निर्धार इथलाच. पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम झाला. नवऱ्याने आपणहून बायकोच्या नावे जमीन करून द्यायची, आणि ज्या गावात शंभर कुटुंबं असं करतील त्या गावाचा सत्कार करायला जोशी स्वतः जायचे. जमिनीची गोष्ट मी पुढे पुन्हा काढणार आहे, ती लक्षात ठेवा.

चांदवडच्या पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगाचा अहवाल आला. आयोगाच्या अध्यक्ष होत्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड, नॉर्वेच्या पंतप्रधान. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणारा विकास तो शाश्वत विकास, ही व्याख्या त्या अहवालाने जगभर नेली. १९९२ च्या रिओ परिषदेत सरकारांनी मान्य केलं की पर्यावरणाचे प्रश्न संबंधित सर्व नागरिकांच्या सहभागानेच नीट हाताळता येतात. मग मोजमाप आलं. २०१५ मध्ये १७ उद्दिष्टं ठरली, त्यांच्याखाली १६९ लक्ष्यं. आता ते थेट ग्रामपंचायतीपर्यंत पोचलंय. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने देशातल्या २ लाख १६ हजारांहून जास्त ग्रामपंचायतींना गुण दिले. नऊ विषय आहेत. त्यात पुरेसं पाणी असलेलं गाव आहे, स्वच्छ आणि हरित गाव आहे, महिलास्नेही गाव आहे. म्हणजे आपलं गाव बाईशी स्नेहाने वागतं की नाही, याचेही गुण कुठल्यातरी संगणकात भरले गेलेत. तुमच्या गावाला किती मिळाले हे इथे कुणाला माहीत आहे का? हात वर करा. ... बरं.

मी आज फक्त पाण्याबद्दल बोलणार आहे. चांदवडला दुसरं काय बोलणार? सातमाळ्याची रांग उशाशी आहे, तिच्या एका अंगाचं पाणी गिरणेला जातं, दुसऱ्या अंगाचं गोदावरीला, आणि मधे आपण, पर्जन्यछायेत. वडनेर भैरवच्या बाजूला द्राक्षं दिसतात, मनमाडच्या बाजूला जावं तसं रान उघडं पडत जातं. मनमाडला किती दिवसांनी पाणी येतं हा तर आपल्याकडे थट्टेचा विषय झालाय. थट्टा करणाऱ्याला हंडा भरावा लागत नाही, हेही खरं.

आता मोजतात कसं ते पाहू. जनगणनेत पाण्याचं ठिकाण विचारतात. घरात, घराजवळ, का लांब? २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भागात ‘घराजवळ’ म्हणजे ५०० मीटरच्या आत. नियम करणाऱ्याने हे अंतर रिकाम्या हाताने चालून पाहिलं असावं. जायला पाचशे, यायला पाचशे, म्हणजे एका खेपेला एक किलोमीटर. दहा खेपा केल्या तर दहा किलोमीटर, त्यातले पाच डोक्यावर हंडा आणि कमरेला कळशी घेऊन. चढ असेल तर तो वेगळा. एवढं चालून रात्री ती बाई झोपते तेव्हा सरकारी कागदावर तिचं पाणी ‘घराजवळ’ असतं.

दुसरं मोजमाप नळाचं. ऑगस्ट २०१९ मध्ये जलजीवन मिशन जाहीर झालं. घरोघर नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर अठरा हंडे. चांगली गोष्ट आहे, मी तिला नावं ठेवत नाही. टंचाईत टँकरचं पाणी माणशी २० लिटर धरतात, त्यापुढे ५५ म्हणजे सणच. पण सर्वेक्षणाला आलेला मुलगा काय विचारतो? ‘नळ आहे का?’ बाई म्हणते, ‘आहे.’ नळ भिंतीला दिसतोय, नाही कसं म्हणणार? ‘पाणी मिळतं का?’ ‘मिळतं.’ मिळतंच, कारण ती आणते. रात्री दोनला उठून आणते, शेजारणीशी भांडून आणते, पोरीला शाळेतून घरी ठेवून आणते. त्या मुलाच्या कागदावर दोन रकाने आहेत, हो आणि नाही. तिचं सगळं जिणं ‘हो’ मध्ये जाऊन बसलं. मुलगाही खोटारडा नव्हता आणि बाईही नाही. प्रश्न ज्याने लिहिला त्याने कधी पाणी भरलेलं नव्हतं.

म्हणून ‘लोकांची मतं विचारात घेतली’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, प्रश्न कुणी लिहिले? तयार प्रश्नाचं उत्तर घेतलं म्हणजे मत घेतलं असं होत नाही.

आता शेततळ्याकडे येते, आणि इथे जरा थांबणार आहे, कारण हा विषय या तालुक्यात बोलायला अवघड आहे. समोर बसलेल्या कितीतरी जणींच्या घरचं शेततळं असेल. त्या तळ्याने बाग वाचली असेल, लग्नं झाली असतील, कर्ज फिटलं असेल. मला ते ठाऊक आहे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. त्यात सगळ्यांत मोठं तळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल, आणि अनुदान जास्तीत जास्त ५० हजार रुपये. मूळ कल्पना साधी आणि चांगली होती. शेतावर पडलेलं पावसाचं पाणी अडवायचं, साठवायचं, पावसाने ताण दिला की एखाद-दुसरं पाणी पिकाला द्यायचं. नाशिक-नगरच्या कोरड्या पट्ट्यात अनेक ठिकाणी घडलं वेगळंच. तळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरला, म्हणजे खाली मुरणं बंद. आणि भरलं कशाने? विहिरीने, बोअरने. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुमाराला विहिरींना पाणी असतं तेव्हा मोटार लावून ते वर खेचायचं आणि उन्हाळ्यासाठी तळ्यात ठेवायचं. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं होतं, कुणाच्या विहिरीला किती पाझर येईल हे खडकाने ठरवायचं. ते वर आलं, कागदावर साठलं आणि एका सातबाऱ्याचं झालं. वर ऊन लागून उडालं ते वेगळंच.

एक हिशोब करा. बाजूंचा उतार धरला तर असल्या तळ्यात सुमारे २० लाख लिटर पाणी बसतं. माणशी ५५ लिटरने शंभर माणसांना ते वर्षभर पुरेल. वस्तीवर माणसं किती असतात? एका तळ्यात एक वस्ती मावते.

आणि मोजमापाच्या वहीत हे कसं उतरतं? इतकी शेततळी झाली, इतकी साठवण क्षमता निर्माण झाली. जमेच्या बाजूला. पिण्याच्या विहिरीतून गेलेलं पाणी खर्चाच्या बाजूला कुणीच लिहीत नाही, कारण तो रकानाच नाही. तेच पाणी खालून वर आणलं आणि नवं पाणी मिळालं म्हणून नोंदवलं. किराणा दुकानदारसुद्धा असा हिशोब ठेवणार नाही.

हे मी एकटी म्हणत नाही, सरकारचे हिशोब तपासणारेही असंच काहीसं म्हणाले आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार सुरू झालं, २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायचा होता. महालेखापालांचा अहवाल २०२० मध्ये विधिमंडळापुढे आला. ९,६३३ कोटी ७५ लाख रुपये खर्च झाले, पण गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजलाची पातळी वाढण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असं त्यात म्हटलं आहे. कामं झालीच नाहीत असं नाही. नाले रुंद झाले, बंधारे झाले, काही गावांना फायदाही झाला. पण किती घनमीटर माती काढली आणि किती साठवण झाली, यावरून गाव टंचाईतून सुटलं का हे कळत नाही. ते कळायला मे महिन्यात विहिरीच्या काठावर उभं राहावं लागतं.

तिथे उभी कोण असते? बाई. तिच्याजवळ मोजायचं साधन आहे, ते म्हणजे दोर. पोहरा सोडला की दोर किती लागला हे हाताला कळतं. गेल्या साली होळीपर्यंत पुरलेला दोर यंदा संक्रांतीलाच वाढवावा लागला, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. विहीर उपसल्यावर पुन्हा चार हंड्यांचं पाणी जमायला किती वेळ लागतो, हे तिला माहीत असतं. कुठल्या विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि डाळ शिजेनाशी झाली, ते तिला कळतं. गोठ्यातली म्हैस पाण्यापायी कधी विकली, कुठली वस्ती टँकरची वाट सगळ्यांत आधी बघायला लागते, धुणं धुवायला बायका कुठपर्यंत जायला लागल्या, या सगळ्या नोंदीच आहेत. फक्त लिहिलेल्या नाहीत.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यात काम करते. तिच्या निरीक्षण विहिरी ठरलेल्या आहेत आणि वर्षातून ठरावीक वेळी त्यांची पातळी मोजतात. हे शास्त्र आहे, त्याची आपल्याला गरज आहे, आणि त्याची टवाळी करणाऱ्यांतली मी नाही. पण ती विहीर तुमच्या वस्तीवरची असेलच असं नाही आणि मोजायचा दिवस तुमच्या अडचणीचा असेलच असंही नाही. त्यांचा आकडा आणि आपला दोर शेजारी ठेवून पाहिले तर गावाचं खरं चित्र दिसेल. आज दोर कुणी विचारतच नाही.

आता दुसरी, जास्त अडचणीची गोष्ट. ‘स्थानिक लोक’ म्हणजे कोण? मी शहरातल्या बैठकांना जाते तेव्हा हा शब्द फार गोड उच्चारला जातो. जणू गाव म्हणजे एकच माणूस, त्याला एकच तोंड. गावात शेततळंवाला आहे, त्याच्या बांधालगतचा कोरडवाहूवाला आहे, भूमिहीन आहे, दलित वस्ती आहे, डोंगराच्या कुशीतली आदिवासी वस्ती आहे, नवऱ्याने टाकलेली आणि भावाच्या दारात राहणारी बाई आहे. पाण्याबद्दल गावाचं मत काय, असं विचारलं की बोलतो कोण? ज्याची मोटार आहे तो. पाणी वापर संस्था झाल्या, आपल्याच जिल्ह्यात ओझरला वाघाड धरणाच्या पाण्यावर शेतकऱ्यांनी त्या चांगल्या चालवून दाखवल्या. पाण्याचं वाटप आणि मोजणी लोकांच्या हाती आली, ही मोठी गोष्ट झाली. पण सभासद होतो लाभक्षेत्रातला जमीनधारक. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत बाया सुमारे १४ टक्के. म्हणजे लोकसहभागाच्या दारावरही सातबारा मागतात. लक्ष्मीमुक्ती लक्षात ठेवा म्हटलं होतं ते यासाठी. जमिनीवर नाव नसलं की पाण्यावर मत नसतं.

यावर एक उत्तर महाराष्ट्रातच कधीचं दिलं गेलंय. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने दिलं नाही, माणसांच्या मापाने दिलं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. उसाला पाणी नाही. शाश्वत हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पण माप बदललं की पाणी कुणाकडे जातं हे बदलतं, एवढं त्यांना कळलं होतं. नगर जिल्ह्यात हिवरे बाजारला गाव स्वतः पाऊस मोजतं, विहिरी मोजतं, दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर पिकं ठरवतं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, हे गावाने ठरवून पाळलं.

पण मैत्रिणींनो, म्हणून गाव म्हणेल ते बरोबर, असंही मी म्हणणार नाही. गावाने एकमताने बोअर मारत खोल खोल जायचं ठरवलं तर ते लोकांचंच मत झालं, आणि नातवंडं कोरडी राहतील. बाया म्हणतात तेही सगळं मी डोळे मिटून घेत नाही. घरात शेततळं असलेल्या बाईला कांद्याचे पैसे दिसतात, ते तिला का दिसू नयेत? मत घ्यायचं ते निकाल लावायला नव्हे. आकड्यात काय धरलं नाही ते उघडं पडावं आणि भांडण चारचौघांत यावं, यासाठी घ्यायचं. शेततळंवाली आणि टँकरवाली एका सभेत बसून एकमेकींसमोर बोलल्या तर ते मला शंभर सर्वेक्षणांपेक्षा मोलाचं वाटतं. ते सोपं नाही. दोघी एकमेकींच्या जावा असू शकतात.

बाईचा वेळ हाही मोजमापात येत नाही. देशात वेळेच्या वापराचं सर्वेक्षण झालं. २०१९ मध्ये घरची बिनपैशाची कामं करणारी बाई त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होती, पुरुष ९७ मिनिटं. २०२४ मध्ये बाई २८९, पुरुष ८८. बाईची दहा मिनिटं कमी झाली, तर पुरुषांनी आपलीही नऊ कमी करून घेतली. गावात नळ आल्यावर बाईची किती मिनिटं वाचली, हा प्रश्न योजनेच्या अहवालात असायला हवा. नळाला वेळेवर पाणी असेल तर वाचतील. नसेल तर नळापाशी वाट बघण्यात जास्तच जातील.

शेवटी हातात काय आहे ते सांगते, कारण तुम्हाला उद्या गावी जायचंय.

‘हर घर जल’ गाव दोन पायऱ्यांनी होतं. आधी विभाग कळवतो की सगळ्या घरांना नळ दिले. मग ग्रामसभेने ठराव करून ते प्रमाणित करायचं असतं, सभेचं चित्रीकरणही पाठवायचं असतं. म्हणजे शेवटचा शिक्का आपला आहे. तो ठराव झाला का, कधी झाला, सभेला कोण होतं, हे ग्रामसेवकाला विचारा. झाला नसेल तर घाई करू नका. आपल्या वस्तीवर मे महिन्यात नळाला पाणी आलं का, हे त्या सभेत बोला आणि इतिवृत्तात लिहून घ्या. पाणी समितीत निम्म्या बाया हव्यात असं योजनेच्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं, असंही आहे. त्या पाच जणी कोण, पेटी कुणाच्या घरी पडून आहे, तेही विचारा.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, हे आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. पुष्कळ ठिकाणी ती सभा म्हणजे घरोघर फिरणारं सह्यांचं रजिस्टर. सही करायच्या आधी वरचा मजकूर वाचा. रजिस्टर कोरं असेल तर सही नाही, एवढं सगळ्यांनी धरलं तरी सभा घ्यावीच लागेल.

आणि १९९३ चा भूजल कायदा. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला त्याने बंदी घातली. २००९ च्या कायद्यानेही पिण्याच्या विहिरीचं हे संरक्षण पुढे चालू ठेवलं. तेच ५०० मीटर, जे जनगणनेत ‘घराजवळ’ असतात. निदान इथे ते आपल्या उपयोगाचे आहेत. गावाच्या विहिरीपासून पावलांनी मोजा आणि वाटेत नवी बोअर किती लागतात ते वहीत लिहा.

आता जेवणानंतर आपण गावांप्रमाणे गट करू. प्रत्येक गटाला एक कोरा कागद देणार आहे, छापील तक्ता नाही. गावाच्या पाण्याबद्दल सरकारने काय विचारायला हवं होतं ते तुम्ही लिहायचं, उत्तरं नंतर. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, शेजारणीने लिहायचं, पण शब्द त्यांचेच ठेवायचे. चार वाजता ते कागद भिंतीला लावू. शेततळंवाल्यांनी वेगळा गट करू नका, सगळ्यांत मिसळून बसा.